कांदा, कंटेनर आणि कुंपण

लासलगावच्या बाजार समितीत लिलाव सुरू झाला की व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीकडून दुसऱ्या ट्रॉलीकडे सरकत जातो. कुणी चाकावर पाय देऊन वर चढतो, खालचा कांदा उपसून हातात घेतो, दाबून बघतो, साल चोळतो. पुकारा चढतो, अडतो, पुन्हा दहा-वीस रुपयांनी चढतो, आणि मिनिटभरात चार महिन्यांच्या पिकाचा भाव ठरतो. चिठ्ठी घेऊन शेतकरी ट्रॅक्टर काट्याकडे वळवतो. वजन झालं की माल व्यापाऱ्याच्या खळ्यावर जातो. तिथे बायका ओळीने बसून गोल्टी बाजूला काढतात आणि मोठा कांदा जाळीच्या गोण्यांत भरतात. यातली कुठली गोणी दिल्लीला जाणार आणि कुठली कोलंबोला किंवा दुबईला, हे त्या दिवशीच्या सरकारी धोरणावर ठरतं.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘सत्ता’ हा विषय दिला. त्यातून माझ्या वाट्याला मंत्र्याचं खातं आलं. शेती, अन्नाची निर्यात आणि देशाचं संरक्षण या तीन जबाबदाऱ्या एखाद्या मंत्र्यावर येतात तेव्हा त्याच्या हातात प्रत्यक्ष काय येतं आणि काय हाताबाहेर राहतं, ते पाहायचं होतं. त्यासाठी दिल्लीतल्या दालनांऐवजी मी नाशिक जिल्हा निवडला. निफाडचा कांदा, दिंडोरीची द्राक्षं, ओझरचा लढाऊ विमानांचा कारखाना आणि देवळालीच्या तोफा हे सगळं इथे गाडीने दीड तासाच्या टप्प्यात आहे. तिन्ही खात्यांच्या हद्दी एकमेकींना इतक्या खेटून असलेला दुसरा जिल्हा महाराष्ट्रात मला ठाऊक नाही.

कांदा कोणाच्या खात्यात?

आपल्या राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात विषयांची वाटणी आहे. शेती राज्य सूचीत आहे, बाजारही राज्य सूचीत. परदेशी व्यापार आणि संरक्षण मात्र संघ सूचीत. त्यामुळे कांदा वावरात असतो तोवर तो मुंबईच्या मंत्रालयाचा विषय. बाजार समितीच्या आवारातही तो राज्याच्याच कायद्याखाली विकला जातो. गोणी जहाजाच्या वाटेला लागली की तिच्यावर दिल्लीचा हुकूम चालतो.

पण दिल्लीत तरी तो कृषिमंत्र्यांचा असतो का? केंद्र सरकारची कामं कोणत्या खात्याकडे जातील हे १९६१च्या कार्यवाटप नियमांनी ठरलेलं आहे. निर्यात खुली की बंद, हे वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीतले विदेश व्यापार महासंचालक जाहीर करतात. निर्यात शुल्क अर्थखात्याचं. बाजारात भाव चढले तर उतरवण्यासाठी नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत जो कांदा साठवला जातो, तो ग्राहक व्यवहार खात्याच्या पैशाने. कृषिमंत्र्यांकडे उरतात बियाणं, पीकविमा, उत्पादनाचे अंदाज, हमीभाव. कांद्याला हमीभाव नाही. म्हणजे ज्या आदेशाने लासलगावचा भाव एका दिवसात खाली येतो, त्या आदेशावर कृषिमंत्र्यांची सही लागत नाही.

२०२३ सालचा लाल कांदा घ्या. ऑगस्ट-सप्टेंबर हे त्याच्या रोपांच्या लागवडीचे दिवस. १९ ऑगस्टला निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं आणि जिल्ह्यातले लिलाव निषेधात बंद पडले. पातीखाली कांदा पोसत होता त्या सुमारास, ऑक्टोबरच्या अखेरीस, टनाला ८०० डॉलर असं किमान निर्यात मूल्य आलं. काढणी ऐन भरात आली आणि ८ डिसेंबरला निर्यात पूर्ण बंद झाली. तिन्ही निर्णयांच्या वेळी पीक जमिनीत होतं किंवा नुकतंच बाहेर येत होतं. लावलेलं रोप उपटून दुसरं काही पेरावं, अशी सोय शेतकऱ्याकडे कधीच नसते. त्याच बंदीत पुढचा उन्हाळ कांदाही निघाला. ४ मे २०२४ला बंदी उठली, ती ४० टक्के शुल्क आणि ५५० डॉलरच्या अटीसह. दिंडोरी आणि नाशिकचं लोकसभेचं मतदान तेव्हा दोन आठवड्यांवर आलं होतं. सप्टेंबरात किमान मूल्याची अट गेली, शुल्क अर्ध्यावर आलं, आणि १ एप्रिल २०२५ला तेही संपलं.

बंदीच्या काळातही काही कांदा बाहेर गेला. बांगलादेश, श्रीलंका, भूतान, मॉरिशस, बहारीन आणि संयुक्त अरब अमिराती या सहा देशांसाठी सरकारने ९९,१५० टनांची परवानगी दिल्याचं एप्रिल २०२४मध्ये सांगितलं. खरेदी सहकारी निर्यात संस्थेमार्फत. शेजाऱ्यांशी संबंध राखण्यासाठी कांदा उपयोगी पडतो, हे सरकारला पुरतं ठाऊक आहे. त्यात गैर काही नाही. ज्याच्या साठवणीच्या चाळीतून तो कांदा जातो त्याला या राजनयाची किंमत कोण मोजून देणार, हा प्रश्न मात्र खळ्यावर मला पुन्हा पुन्हा ऐकू आला, आणि त्याचं उत्तर देणारा अधिकारी जिल्ह्यात कुणीही नाही.

दोन्ही खुर्च्यांवर बसलेले

शेती आणि संरक्षण ही दोन्ही खाती वेगवेगळ्या वेळी सांभाळलेले केंद्रीय मंत्री आपल्याकडे मोजके. जगजीवन राम यांनी १९६७ ते १९७० अन्न आणि शेती पाहिली, मग बांगलादेश युद्धात ते संरक्षणमंत्री होते. पुढे पुन्हा शेती, पुन्हा संरक्षण. हरितक्रांतीच्या उंबरठ्यावर अन्नखातं सांभाळणारे सी. सुब्रमण्यम १९७९मध्ये थोड्या काळासाठी संरक्षणमंत्री झाले. राजनाथ सिंह २००३-०४मध्ये वाजपेयी सरकारात कृषिमंत्री होते, २०१९पासून संरक्षणमंत्री आहेत. आणि शरद पवार: जून १९९१ ते मार्च १९९३ संरक्षण, २००४ ते २०१४ सलग दहा वर्षं शेती.

यात मला पवारांचा काळ सगळ्यांत बोलका वाटतो, कारण सुरुवातीची सहा-सात वर्षं त्यांच्याकडे शेतीबरोबर अन्न, सार्वजनिक वितरण आणि ग्राहक व्यवहारही होते. पिकवणाऱ्याला भाव मिळावा हे एका खात्याचं काम, खाणाऱ्याला ते स्वस्त मिळावं हे दुसऱ्याचं. दोन्ही फायली एकाच टेबलावर. डिसेंबर २०१०मध्ये अवकाळी पावसाने कांदा सडला, शहरांत भाव भडकले आणि निर्यात थांबवली गेली. महिनाभरात, जानेवारी २०११च्या फेरबदलात, अन्न आणि ग्राहक व्यवहार त्यांच्याकडून निघून के. व्ही. थॉमस यांच्याकडे गेले. कामाचा भार कमी करावा, असं पवार त्याआधीच म्हणाले होते. पुढे ११ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातबंदीविरुद्ध चांदवडला मुंबई-आग्रा महामार्गावर शेतकरी उतरले, तेव्हा पवार त्यांच्यात होते.

या दोन डिसेंबरांवरून एका माणसाला तोलणं सोपं आहे. मी ते करणार नाही. मला त्यातून खुर्चीचा स्वभाव कळतो. शहरातल्या भाववाढीची बातमी त्या दिवशीच्या संध्याकाळी देशभर जाते. चाळीत सडलेल्या कांद्याची बातमी तालुक्यापलीकडे जायला आठवडे लागतात. मंत्री कोणत्याही पक्षाचा असो, शहराचा दबाव त्याच्यापर्यंत आधी पोचतो. खातं एक असो वा वाटलेलं, कांद्याच्या बाबतीत निकाल एकाच बाजूने लागत आला आहे.

एका घडामागचे शिक्के

द्राक्षाची गोष्ट वेगळी. इथे सरकार निर्यात थांबवत नाही, उलट तिच्यासाठी झटतं. दिंडोरी तालुक्यातल्या एका पॅकहाऊसमध्ये मी फेब्रुवारीची दुपार घालवली. भल्या पहाटे तोडलेला माल क्रेटमधून येतो. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका बारीक कात्रीने तडकलेला, डाग पडलेला मणी काढतात, घड पनेटमध्ये, म्हणजे छोट्या डब्यात, बसवतात, वर गंधकाचा कागद ठेवतात. पेटी प्रीकूलिंगला जाते, तिथून शीतगृहात, मग रीफर कंटेनरमध्ये. प्रत्येक पेटीवर नोंदणी क्रमांक असतो. रॉटरडॅमच्या गोदामात एखादा पनेट खराब निघाला, तर तो दिंडोरीतल्या कोणत्या प्लॉटवरचा, हे शोधता येतं.

ही शिस्त ठेच लागून आली. २००३मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचा अंश सापडला. त्यानंतर शेतीमालाच्या निर्यातीचं काम पाहणारी अपेडा ही संस्था आणि पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांनी रेसिड्यू तपासणीची पद्धत बसवली. पुढे ग्रेपनेट ही नोंदणीची व्यवस्था आली. बागायतदार कृषी खात्याकडे प्लॉट नोंदवतो, फवारणीची वही ठेवतो, तोडणीआधी प्रयोगशाळा नमुना नेते. अहवाल चांगला आला तरच माल युरोपला. पण २०१०मध्ये दुसरा फटका बसला. वेलीची फुटव्याची वाढ रोखण्यासाठी सर्रास वापरलं जाणारं क्लोरमेक्वाट क्लोराईड युरोपातल्या मर्यादेपेक्षा जास्त सापडलं. मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. आपल्या तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हतं. कंटेनर बंदरांत अडकले, माल नाकारला गेला. बागायतदारांचे कागद स्वच्छ होते, अहवाल स्वच्छ होते, आणि कर्ज डोक्यावर होतं.

तेव्हा चूक कोणत्या खात्याची, याचा शोध घेऊ लागलं की वाट फुटत जाते. रसायनाची नोंदणी करणारं मंडळ कृषी मंत्रालयाचं. द्राक्ष संशोधन केंद्रही त्याच मंत्रालयाखाली. अपेडा वाणिज्य मंत्रालयाची. देशात अन्नातल्या अंशांच्या मर्यादा ठरवणारं प्राधिकरण आरोग्य मंत्रालयाचं. प्लॉटची नोंदणी राज्याच्या कृषी विभागाकडे, कंटेनरवरचं सील कस्टम्सचं म्हणजे अर्थखात्याचं, बंदर नौवहन मंत्रालयाचं. एका घडावर इतक्या खात्यांचे शिक्के असतात, आणि तो परत आला की तो फक्त बागायतदाराचा उरतो.

तरीही मला इथे आशा दिसते. २०१०नंतर यादी वाढवली गेली, तपासणी कडक झाली, आणि आज एक्स्पोर्टची बाग करणारा तरुण कोणत्या औषधाला काढणीपूर्वी किती दिवस हवेत, हे तोंडपाठ सांगतो. नियम आधी माहीत असला की शेतकरी त्याला पुरा उतरतो, हे द्राक्षाने सिद्ध केलं आहे. कांद्याला ही संधी मिळालेली नाही, कारण तिथे नियमच पीक उभं असताना बदलतो.

लाल समुद्रातला हंगाम

संरक्षण खातं द्राक्षबागेत कधी शिरलं, ते जिल्ह्यातल्या निर्यातदारांना नीट आठवतं. नोव्हेंबर २०२३पासून येमेनच्या हुथी बंडखोरांनी लाल समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले. डिसेंबरच्या मध्यापासून मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझचा मार्ग सोडला आणि आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला, वळसा घालायला सुरुवात केली. नेमका तोच द्राक्षाचा हंगाम. न्हावा शेव्याहून निघालेल्या कंटेनरला रॉटरडॅम गाठायला एरवीपेक्षा सुमारे दोन आठवडे जास्त लागू लागले. कंटेनरचं भाडं काही आठवड्यांत कित्येक पटींनी वाढलं.

दोन आठवडे म्हणजे द्राक्षाला काय? देठ सुकून तपकिरी होतो, मणी सैल पडतो, मूळ चव टिकली तरी दुकानातली नजर मरते. ज्यांनी बागेवर किलोचा भाव ठरवून माल दिला होता ते थोडे सुरक्षित राहिले. ज्यांचा माल तिकडे पोचल्यावर भाव ठरणार होता, त्यांनी तो उशीर स्वतःच्या खिशातून भरला.

त्याच आठवड्यांत अरबी समुद्रात आणि एडनच्या आखाताजवळ आपल्या नौदलाने सुमारे डझनभर युद्धनौका उतरवल्या होत्या. २६ जानेवारी २०२४ला ‘मार्लिन लुआंडा’ या तेलवाहू जहाजावर क्षेपणास्त्र आदळलं. जहाजावरचे बहुतेक खलाशी भारतीय होते. ‘आयएनएस विशाखापट्टणम’च्या पथकाने ती आग विझवायला मदत केली. मार्चमध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने सोमाली चाच्यांनी पळवलेलं ‘रुएन’ हे मालवाहू जहाज चाळीस तासांच्या कारवाईनंतर सोडवलं. हवाई दलाच्या विमानातून मरीन कमांडो समुद्रात उतरले, १७ खलाशी सुखरूप सुटले, ३५ चाचे शरण आले आणि त्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात देण्यात आलं.

त्या जहाजांवर द्राक्षं नव्हती. पण केपला वळसा घालणारा कंटेनर सोमालियासमोरच्याच समुद्रातून दक्षिणेला उतरतो. ती वाट मोकळी राहिली म्हणून माल उशिरा का होईना, पोचला. नौदलाच्या त्या कामगिरीबद्दल दिंडोरीत कुणी सत्कार केला नाही, करायला हवा होता. शेतीमालाच्या निर्यातीचा विचार करताना आपण पाणी, वीज, औषधं, बाजार यांची यादी करतो; गस्तीची नौका त्या यादीत आपण अजून लिहीत नाही.

ओझरचं कुंपण

नाशिकहून पिंपळगावकडे जाताना डाव्या-उजव्या हाताला द्राक्षांचे मांडव लागतात आणि मध्येच हिंदुस्तान एरोनॉटिक्सची लांबलचक हद्द सुरू होते. हा कारखाना इथे येण्यामागे चीनचं युद्ध आहे. नोव्हेंबर १९६२मध्ये कृष्ण मेनन पायउतार झाले आणि यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. १९६३च्या पोटनिवडणुकीत ते नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. मिग-२१ देशात बांधण्याचं ठरलं आणि विमानाच्या सांगाड्याचं काम ओझरला आलं, इंजिनं कोरापूटला. कारखान्यासाठी, धावपट्टीसाठी आणि वसाहतीसाठी जमीन गेली ती शेतीचीच. तिच्या बदल्यात जिल्ह्याला दोन पिढ्यांचे फिटर, टर्नर आणि अभियंते मिळाले, आणि त्यांच्या पगारातून कित्येक घरांत पहिली द्राक्षबाग उभी राहिली. मिग-२१ सप्टेंबर २०२५मध्ये हवाई दलातून निवृत्त झालं. पुढच्याच महिन्यात नाशिकच्या कारखान्यात बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१एने इथून उड्डाण केलं. समोर संरक्षणमंत्री होते राजनाथ सिंह, एकेकाळचे कृषिमंत्री.

याच धावपट्टीचा शेतीला उपयोग व्हावा म्हणून हिंदुस्तान एरोनॉटिक्स आणि कंटेनर कॉर्पोरेशन यांनी मिळून इथे मालवाहतुकीचं केंद्र काढलं. २०१८च्या सुमारास इथून शारजाला शेळ्या-मेंढ्या विमानाने जाऊ लागल्या. लढाऊ विमानांच्या धावपट्टीवरून जिवंत जनावरं परदेशी जाणं हे खात्यांच्या वाटणीत कुठेच बसत नाही, पण दोन संस्थांनी ठरवलं आणि ते घडलं. ओझरचं आणखी एक सांगायला हवं. वाघाड धरणाचं पाणी इथले शेतकरी आपल्या पाणीवापर संस्थांमार्फत स्वतः मोजून वाटून घेतात. जबाबदारी खाली उतरवली की ती पेलणारी माणसं असतात, याचा हा जुना पुरावा कुंपणाच्या अगदी बाहेर आहे.

जवानाच्या ताटात

देवळालीला तोफखान्याचं स्कूल आहे. छावणी म्हटली की स्वयंपाकघर आलं, आणि तिथे संरक्षण खातं शेतीमालाचं मोठं गिऱ्हाईक असतं. जवानाला रोज किती धान्य, किती डाळ, किती भाजी, किती दूध द्यायचं याचं प्रमाण लेखी ठरलेलं आहे. ताजी भाजी स्थानिक कंत्राटातून येते. दुधासाठी लष्कराचे स्वतःचे फार्म होते. पहिला १८८९मध्ये अलाहाबादला निघाला, पिंपरीचा पुणेकरांना माहीत असेल. १३२ वर्षांनी, मार्च २०२१मध्ये, ते बंद करण्यात आले, कारण दूध आता बाहेरूनच मुबलक मिळतं. सहकारी दूध संघ उभे करणाऱ्या शेतकऱ्यांचं हे श्रेय आहे.

२०२३मध्ये सैन्याने जवानांच्या शिध्यात ज्वारी, बाजरी, नाचणीचं पीठ पुन्हा आणलं. सुमारे पन्नास वर्षांपूर्वी गव्हाने त्यांना बाहेर काढलं होतं. आता धान्याच्या हक्काच्या प्रमाणात पंचवीस टक्क्यांपर्यंत भरड धान्य देता येतं. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने, जी १९६१पासून काम करते, बर्फात टिकणारं तयार जेवण बनवण्याचं तंत्र विकसित केलं आणि ते पुढे खासगी कंपन्यांना दिलं. न्यू जर्सीतल्या किराणा दुकानात पालक पनीरचं पाकीट कापून गरम करणारी मराठी मुलगी त्या तंत्राचाच लाभ घेत असते.

लेखी प्रमाण ही साधी गोष्ट मला फार मोलाची वाटते. जवानाला ठरल्यापेक्षा कमी मिळालं तर चूक कुठे झाली ते दाखवता येतं. वरपर्यंत एकच साखळी आहे आणि तिच्या टोकाला एक मंत्री आहे. शेतकऱ्यासाठी असा कोणताही कागद नाही, ज्यावर सरकार त्याला काय देणं लागतं ते लिहिलेलं असेल.

भरलेली गोणी, उभं पीक

डिसेंबर २०२३च्या बंदीच्या आदेशात एक सवलत होती. आदेशाआधी जहाजात भरायला सुरुवात झालेला, किंवा कस्टम्सच्या ताब्यात गेलेला कांदा बाहेर जाऊ शकत होता. परदेशी व्यापारात ही रीत जुनी आहे: नियम बदलला तरी वाटेत असलेल्या मालाला जुना नियम लागू राहतो, कारण व्यापाऱ्याने त्याच नियमावर विसंबून सौदा केलेला असतो. ही रीत न्याय्यच आहे. पण ती बंदराच्या फाटकाशी सुरू होते. खळ्यावर भरलेल्या गोण्यांना ती लागू झाली नाही, चाळीतल्या कांद्याला नाही, आणि वावरात उभ्या पिकाला तर नाहीच.

शेतकऱ्यानेही ऑगस्टमध्ये, त्या वेळच्या नियमावर विसंबून, सौदाच केलेला असतो. बियाणं, मजुरी, खत, पाणी यांत त्याचे पैसे गेलेले असतात. निर्यातीचं धोरण लागवडीआधी जाहीर करावं आणि त्या पिकाची विक्री होईपर्यंत बदलू नये. बदलावंच लागलं, तर पडलेला फरक सरकारने भरून द्यावा. भाव स्थिर ठेवण्यासाठी निधी आहेच, आज तो प्रामुख्याने खाणाऱ्याच्या बाजूने वापरला जातो. शहरातल्या गरिबाला कांदा परवडला पाहिजे, यावर माझं दुमत नाही. त्याचा खर्च सगळ्या देशाने उचलावा, एकट्या निफाड तालुक्याने नव्हे, एवढंच म्हणणं आहे.

यासाठी वाणिज्य, ग्राहक व्यवहार, अर्थ आणि कृषी अशा चार मंत्रालयांना एका कागदावर यावं लागेल. हे चौघेही मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीत बसू शकतात, आणि तिथे हमीभावांवर दर हंगामाला चर्चा होतेच. खरीप कांद्याची रोपं जून-जुलैत टाकतात. त्या समितीने मे महिन्याच्या विषयपत्रिकेवर कांद्याच्या निर्यातीचा विषय घेतला, तर नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला किती वाफे टाकायचे ते ठरवायला वेळ मिळेल.